नावात ‘खाण्याजोगी’, पोटात विष : एका रानअळंबीचा इतिहास

पावसाळा सुरू झाला की दवाखान्यात एक वाक्य हमखास ऐकू येतं. “डॉक्टर, आमच्याकडे आजा-पणजापासून रानातली अळंबी खातात, कुणाला काही झालं नाही.” हे वाक्य खोटं नसतं. पण पुरावा म्हणून त्याचं वजन किती, हे समजायला हवं. त्यासाठी आज तुम्हाला एका परदेशी अळंबीचा इतिहास सांगतो. ती आपल्या सह्याद्रीत उगवत नाही. युरोपातल्या पाइनच्या जंगलांत, बर्फ वितळल्यावर ती वर येते. तिथल्या लोकांनी ती पिढ्यान्‌पिढ्या चवीनं खाल्ली, वाळवून साठवली, बाजारात विकली. आणि अधूनमधून ती खाऊन माणसं दगावलीही. ती नेमकी कशानं दगावतात, हे कळायला १९६७ साल उजाडलं.

तिचं शास्त्रीय नाव गायरोमित्रा एस्क्युलेंटा. १८०० साली पर्सून नावाच्या वनस्पतिशास्त्रज्ञानं तिचं वर्णन केलं आणि जातीचं नाव ‘एस्क्युलेंटा’ ठेवलं. या लॅटिन शब्दाचा अर्थ ‘खाण्याजोगी’. पुढे १८४९ मध्ये स्वीडनच्या एलिआस फ्रीजनं तिला ‘गायरोमित्रा’ या वेगळ्या गटात टाकलं, पण ‘खाण्याजोगी’ हे बिरुद तसंच राहिलं. आजही आहे.

हा शब्द तुमच्या स्वयंपाकघरातही आहे बरं का. अळूचं शास्त्रीय नाव कोलोकेशिया एस्क्युलेंटा. आता विचार करा, अळू खाण्याजोगं आहे का? चिंच घालून नीट शिजवलेलं फतफतं असेल तर ताटभर खावं. कच्चं पान चावलं तर घसा खवखवून जीव नकोसा होतो. म्हणजे ‘खाण्याजोगं’ हा गुण नुसत्या पानात नाही, तो पान आणि कृती मिळून तयार होतो. या अळंबीचंही तसंच आहे. फरक एवढाच, की अळू आपला दोष तत्काळ घशात सांगतं. ही अळंबी खाल्ल्यावर सहा-सात तास, कधी बारा तास, काहीच सांगत नाही. तोवर ताटं धुऊन झालेली असतात.

ती दिसते कशी? फिनलंडमध्ये तिला ‘कोर्वासिएनी’ म्हणतात, म्हणजे कानाची अळंबी. मला मात्र तिचं चित्र पाहिल्यावर शरीरशास्त्राच्या वर्गातला मेंदू आठवतो. छत्रीसारखी टोपी नाहीच. तांबूस-तपकिरी रंगाचा, वळ्यावळ्यांचा एक गोळा, अक्रोडाच्या गराला रंग दिल्यासारखा, आणि खाली आखूड, फिकट देठ. फिनलंडात मे महिन्यात लोक ती शोधायला निघतात. रेताड जमीन, पाइनची झाडं आणि उकरलेली माती, एवढं तिला पुरतं. म्हणून झाडतोड झालेल्या जागी आणि जंगलातल्या कच्च्या रस्त्यांच्या कडेला ती हमखास सापडते.

घोटाळा होतो तो तिच्या एका लोकप्रिय नातेवाइकाशी. इंग्रजीत त्याला मोरेल म्हणतात आणि आपण गुच्छी. काश्मीर-हिमाचलातून येणारी, दोऱ्यात ओवून वाळवलेली, हजारो रुपये किलोची तीच गुच्छी. दोघी वसंतातच उगवतात, दोघींचं डोकं सुरकुतलेलं. पण गुच्छीच्या टोपीवर मधाच्या पोळ्यासारखे खळगे असतात, तर गायरोमित्रावर मेंदूसारख्या वळ्या. आणखी खात्रीची खूण सुरीनं कळते. गुच्छी उभी चिरली तर शेंड्यापासून देठाच्या तळापर्यंत एकच सलग पोकळी दिसते. गायरोमित्राच्या आत वेडेवाकडे कप्पे आणि कापसासारखा भरणा असतो. तरीही या अळंबीचे बळी नेहमीच ‘चुकून खाल्लेले’ नव्हते, हे लक्षात ठेवा. पुष्कळांनी ती ओळखून, हवी म्हणून खाल्ली होती.

स्वीडनमध्ये एकोणिसाव्या शतकात ती श्रीमंतांच्या टेबलावरची चीज होती, साय घालून शिजवलेली. फिनलंडची गंमत वेगळी. देशाच्या पूर्व भागात, रशियन शेजारामुळे, अळंबी गोळा करून खारवण्याची जुनी सवय होती. पश्चिमेकडचे लोक मात्र अळंबीला गुरांचा चारा समजायचे. दुसऱ्या महायुद्धात कारेलिया प्रांत सोव्हिएत रशियाकडे गेला, तिथले चार लाखांच्या आसपास लोक उठून उरलेल्या देशात पांगले, आणि त्यांच्याबरोबर अळंबी खाण्याची सवयही पसरली. खाण्याच्या सवयी अशाच प्रवास करतात. पण माणूस गाव सोडतो तेव्हा पदार्थ बरोबर नेणं सोपं असतं. त्यामागचे सगळे बारकावे तितक्या सहज सोबत जात नाहीत.

त्या बारकाव्यांकडे आता येऊ. जाणत्या घरांत दोन नियम पाळले जायचे. ताजी अळंबी भरपूर पाण्यात उकळायची आणि ते पाणी फेकून द्यायचं. नाहीतर दोऱ्यात ओवून कित्येक महिने वाळवायची. का, हे कुणालाच ठाऊक नव्हतं. डॉक्टरांनाही नाही. कारण या विषबाधेचं वागणंच विचित्र होतं. एकाच भांड्यातलं जेवण घरातल्या पाच जणांनी खाल्लं, तर दोघं गंभीर आजारी, एकाला थोडी मळमळ आणि दोघं ठणठणीत. एखादा माणूस वीस वर्षं खात आला आणि एकविसाव्या वर्षी मेला. एखाद्यानं आदल्या दिवशी खाल्ली तेव्हा काही झालं नाही, दुसऱ्या दिवशी उरलेली खाल्ली आणि पडला.

मग तर्क सुरू झाले. कुणी म्हणे, या माणसांनी दुसरीच विषारी जात उचलली असणार. कुणी म्हणे, अळंबी शिळी होती, सडलेली होती. १८८५ मध्ये ब्योम आणि क्युल्झ या जर्मन संशोधकांनी अळंबीतून एक आम्ल वेगळं केल्याचं जाहीर केलं, त्याला हेल्वेलिक आम्ल असं नाव दिलं आणि रक्तातल्या तांबड्या पेशी फुटण्याचा दोष त्याच्या माथी मारला. पुढची ऐंशी वर्षं पाठ्यपुस्तकांत हेच शिकवलं जात होतं. पाणी फेकून देण्याचा सल्ला त्याच आधारावर दिला जाई. सल्ला योग्य, कारण चुकीचं! वैद्यकाच्या इतिहासात असं वरचेवर घडलेलं आहे.

खरा गुन्हेगार सापडला तो जर्मनीतल्या मारबुर्ग इथं. लिस्ट आणि लुफ्ट या संशोधकांनी १९६७ च्या सुमारास अळंबीतलं विष वेगळं केलं. त्याला गायरोमिट्रिन नाव मिळालं. हे विष पोटात गेल्यावर आम्लात फुटतं आणि त्यातून मोनोमिथाइल हायड्राझिन नावाचं रसायन तयार होतं. हे रसायन अवकाशक्षेत्रातल्या लोकांना चांगलंच माहीत आहे. अमेरिकेच्या स्पेस शटलला कक्षेत दिशा बदलण्यासाठी जी इंजिनं होती, त्यांचं ते इंधन होतं. जंगलातली अळंबी पोटात गेली की तुमच्या जठरात तयार होतं ते रॉकेटचं इंधन.

आणि इथं सगळी कोडी एकदम सुटायला लागतात. हे रसायन पाण्यात सहज विरघळतं, म्हणून पाणी फेकलं की बरंच विष जातं. ते साधारण ८७ अंश सेल्सिअसला, म्हणजे पाणी उकळण्याच्या आधीच, वाफ होऊन उडतं. म्हणून वाळवल्यावरही विष कमी होतं. म्हणूनच बंद स्वयंपाकघरात भांड्यावर वाकून ही अळंबी उकळणाऱ्या बाईला एकही तुकडा न खाता डोकेदुखी आणि मळमळ होऊ शकते. अळंबी कुठली, कशी शिजवली, झाकण ठेवलं होतं का, पाणी टाकलं की त्याचंच सूप केलं, यावर विषाचा डोस ठरतो. शिवाय निरुपद्रवी डोस आणि घातक डोस यांत अंतर फार थोडं. एका दिवसाचा डोस पचला आणि दुसऱ्या दिवशीचा त्यावर चढला की गणित बिघडतं.

पण एकाच भांड्यातून जेवलेल्या दोन भावांत फरक का? याचं एक संभाव्य उत्तर तुमच्यापैकी काही जणांच्या औषधाच्या डब्यात आहे. टीबीच्या उपचारात आयसोनियाझिड हे औषध असतं. ते १९५२ पासून वापरात आहे आणि तेही हायड्राझिनच्याच कुळातलं आहे. ते घेणाऱ्या काही रुग्णांच्या हातापायांना मुंग्या यायच्या, आग व्हायची. १९५४ मध्ये अमेरिकेतल्या बील आणि विल्टर या डॉक्टरांनी दाखवलं, की सोबत बी ६ जीवनसत्त्व, म्हणजे पिरिडॉक्सिन, दिलं तर हा त्रास टळतो. टीबीच्या गोळ्यांबरोबर ती छोटीशी व्हिटॅमिनची गोळी का देतात, असं अनेक रुग्ण विचारतात. ती ताकदीसाठी नसते हो. हायड्राझिनच्या कुळातली रसायनं शरीरातलं बी ६ निकामी करतात, त्याची ती भरपाई असते.

मेंदूला शांत ठेवणारं ‘गाबा’ नावाचं एक द्रव्य असतं आणि ते बनवायला बी ६ लागतं. बी ६ संपलं की गाबा कमी पडतं आणि माणसाला फिट्स येतात. आयसोनियाझिडचा अतिरेकी डोस घेतलेल्या रुग्णाला येतात, रॉकेटच्या इंधनाची बाधा झालेल्या कामगाराला येतात आणि ही अळंबी खाल्लेल्यालाही येतात. तिघांनाही शिरेतून पिरिडॉक्सिन देतात. यकृतावर होणारा घाव मात्र पिरिडॉक्सिननं भरून येत नाही. कावीळ, यकृत निकामी होणं आणि मग पाचव्या-सातव्या दिवशी मृत्यू, हा त्या घावाचा रस्ता आहे.

आता दोन भावांकडे. आयसोनियाझिडचा निचरा आपलं यकृत करतं, पण काहींचं यकृत ते काम झपाट्यानं करतं, काहींचं सावकाश. हे जन्मतः ठरलेलं असतं. सावकाश काम करणाऱ्यांत औषध जास्त वेळ रेंगाळतं आणि मुंग्यांचा त्रास जास्त होतो. अळंबीतल्या हायड्राझिनलाही हाच न्याय लागत असावा, असं संशोधकांना वाटतं. म्हणजे ‘मला काही होत नाही’ याचा अर्थ कदाचित एवढाच, की तुमचं यकृत वेगवान आहे. तुमच्या बायकोचं किंवा मुलाचं तसं असेलच असं नाही.

सत्तरच्या दशकात हे सगळं उजेडात आलं तेव्हा सरकारांपुढे प्रश्न आला, की करायचं काय? युरोपातल्या काही देशांनी या अळंबीच्या विक्रीवर सरळ बंदी घातली. फिनलंडनं तसं केलं नाही. तिथल्या शास्त्रज्ञांनी उकळण्यानं आणि वाळवण्यानं विष नेमकं किती कमी होतं, हे मोजायला घेतलं. उकळल्यानं बहुतेक सगळं जातं. वाळवल्यानं कमी होतं, पण पूर्ण जात नाही. त्यावरून तिथं कृतीच ठरवून दिली गेली. अळंबीच्या तिप्पट पाणी घ्यायचं, किमान पाच मिनिटं खळखळ उकळायचं, पाणी फेकायचं, अळंबी धुवायची आणि नव्या पाण्यात हे सगळं पुन्हा करायचं. खिडक्या उघड्या ठेवायच्या. वाळवलेली असेल तर आधी भरपूर पाण्यात किमान दोन तास भिजवायची, ते पाणी टाकायचं आणि मग वरच्यासारखंच दोनदा उकळायचं. विकणाऱ्यानं गिऱ्हाइकाला ही सूचना द्यायचीच. गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या बायकांनी आणि मुलांनी ही अळंबी खाऊच नये, असंही तिथली अन्नसुरक्षा यंत्रणा सांगते.

मी हे सविस्तर दिलं ते तुम्ही करून बघावं म्हणून नाही. आजीच्या घरात जे नुसतं वळण होतं, ते इथं मोजून कागदावर आलं. फिनलंडमध्ये हे जमलं, कारण अळंबी बहुतेक सगळ्यांना ओळखता येते आणि सूचना पाळणारा समाज आहे. माझं वैयक्तिक मत विचाराल तर ज्या जेवणाला दोनदा पाणी फेकावं लागतं आणि खिडक्या उघड्या ठेवाव्या लागतात, ते जेवण मी सोडून देईन. पण मी फिनलंडमध्ये वाढलेलो नाही.

शिवाय कथा १९६७ मध्ये संपली नाही. अमेरिकेत ओमाहा इथं बेला टोथ या संशोधकानं सत्तर-ऐंशीच्या दशकांत उंदरांना ही रसायनं दिली, तेव्हा त्यांच्यात गाठी, कर्करोग होताना दिसले. माणसाबद्दल यातून थेट निष्कर्ष काढता येत नाही. पण ‘खाल्लं आणि त्या रात्री काही झालं नाही’ एवढ्यावर सुटका होत नाही, ही शंका तिथून पक्की झाली.

त्याहून अस्वस्थ करणारी नोंद फ्रान्सची आहे. आल्प्स पर्वतात माँशाव्हँ नावाचं एक छोटं गाव आहे. २००९ च्या सुमारास ग्रेनोबलच्या मेंदुविकारतज्ज्ञ एमेलीन लाग्रांज यांनी तिथल्या एका बाईला एएलएस झाल्याचं निदान केलं. हा दुर्मीळ आजार आहे. यात स्नायूंना हुकूम देणाऱ्या मज्जापेशी हळूहळू मरतात (स्टीफन हॉकिंग यांना झाला होता तोच). लाग्रांज यांनी बाईच्या गावातल्या फॅमिली डॉक्टरांना फोन केला तेव्हा त्या म्हणाल्या, या गावातला हा चौथा रुग्ण. एवढ्याशा वस्तीत चार? शोध सुरू झाला. पाणी, माती, धातू, सगळं तपासून झालं. अखेर २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात १४ रुग्णांची माहिती आली. सगळ्यांनी गायरोमित्रा गटातली रानअळंबी खाल्लेली होती. तुलनेसाठी निवडलेल्या त्याच भागातल्या निरोगी माणसांनी ती खाल्लेली नव्हती. अळंबीमुळेच आजार झाला, हे यानं सिद्ध होत नाही. छोटा अभ्यास आहे आणि जुन्या खाण्याच्या आठवणींवर उभा आहे. पण एका गावच्या साध्या डॉक्टरनं आपल्या पेशंटांची मोजदाद डोक्यात ठेवली होती, म्हणून हा धागा हाती लागला. आमच्या जमातीतल्या कुणाचं तरी कौतुक करायची संधी मी सोडणार नाही.

आता गुच्छीबद्दल, कारण ती तुमच्यापर्यंत पोहोचते. लग्नाच्या पुलावात, ऑनलाइन दुकानात, कुणी काश्मीरहून आणलेल्या भेटीच्या पुडीत. गुच्छी चांगली अळंबी आहे, पण कच्ची खायची नाही. २०२३ च्या वसंतात अमेरिकेतल्या माँटाना राज्यात एका उपाहारगृहात जेवलेले ५१ लोक आजारी पडले आणि दोघांचा मृत्यू झाला. ताटात गुच्छीच होती, तीही रानातली नाही, लागवडीची. काही जणांना ती कच्ची, नुसत्या मसाल्यात मुरवलेली वाढली गेली होती. वाळलेली गुच्छी आणलीत तर भिजवा, एकेक उभी चिरून आतली पोकळी बघा आणि नीट शिजवून खा. हिमालयातही गायरोमित्राच्या गटातल्या जातींची नोंद आहे, तेव्हा चिरलेल्यात कप्पे किंवा कापूस दिसला तर तो तुकडा बाजूला काढा. विक्रेता ओळखीचा असला तरी.

आपल्याकडच्या पावसाळी अळंबीला मात्र यातली कुठलीही कृती लावू नका. वारुळावर येणारी अळंबी ओळखणारी माणसं कोकणात, गोव्यात, घाटात आजही आहेत आणि त्यांचं ज्ञान त्या रानापुरतं, त्या जातीपुरतं खरं आहे. ते दुसऱ्या रानात चालेल असं नाही. जगातल्या सर्वांत घातक अळंब्यांमधलं विष उकळून, वाळवून किंवा खारवून जात नाही. चांदीचा चमचा काळा पडतो का, किड्यांनी खाल्ली आहे का, लसूण रंग बदलतो का, या परीक्षांना काडीचाही आधार नाही. गोगलगाय जी अळंबी पचवते ती तुम्ही पचवालच असं नाही.

आणि रानातली अळंबी खाल्ल्यावर कुणाला उलट्या-जुलाब झालेच, तर किती तासांनी झाले ते लिहून ठेवा. अर्ध्या-एक तासात झाले तर बहुधा पोटापुरता त्रास असतो, तरी दाखवायला हवंच. सहा तासांनंतर सुरू झाले तर आम्ही डॉक्टर जास्त घाबरतो, कारण यकृतावर जाणारी विषं उशिरा बोलतात. मधे एक दिवस बरं वाटलं म्हणून घरी थांबू नका. मिठाचं पाणी पाजून उलटी काढू नका. बी ६ च्या गोळ्या मनानं देऊ नका. तो उपचार एकाच प्रकारच्या विषावर आहे, शिरेतून द्यायचा असतो आणि जास्त झाला तर त्यानंही नसा दुखावतात. उरलेली अळंबी, निवडताना टाकलेली देठं, शिजलेली भाजी, जे असेल ते कागदी पिशवीत किंवा डब्यात घालून सोबत आणा आणि कच्च्या अळंबीचा फोटो असेल तर तो दाखवा. त्या भांड्यातलं ज्यांनी ज्यांनी खाल्लं त्या सगळ्यांना घेऊन या, ज्यांना काहीच होत नाहीये त्यांनाही.